डिफरन्शियलचे ऑइल बदलताना ७५डब्ल्यू-९० की ७५डब्ल्यू-१४०?

प्रश्न: माझ्या गाडीत मागच्या चाकांना ताकद जाते आणि क्लच-प्लेटवाले लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच, जो एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोचवतो). महिन्यातून एकदा गाडी ट्रॅकवर नेतो. अलीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना मागून थरथर जाणवते आणि कटकट आवाज येतो. सध्या त्यात ७५डब्ल्यू-९० ग्रेडचे ऑइल आहे. तापल्यावर त्याहून जाड राहणारे ७५डब्ल्यू-१४० भरल्यास आवाज जाईल का?

पहिले उत्तर: ऑइल जाड केल्याने हा आवाज जाईल असे वाटत नाही. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरते, त्या वेळी प्लेट एकमेकींवर सहज सरकाव्या लागतात. त्या अडकत-सुटत सरकल्या की नेमकी अशी थरथर होते. त्यावर उपाय फ्रिक्शन मॉडिफायरचा, म्हणजे प्लेट सहज सरकाव्यात म्हणून ऑइलमध्ये मिसळायच्या द्रव्याचा. मात्र पुष्कळ लिमिटेड स्लिप ऑइलमध्ये तो आधीच मिसळलेला असतो, म्हणून डबा नीट वाचावा, कारण तो जास्त झाला की प्लेट घसरू लागतात आणि ज्यासाठी हे डिफरन्शियल घेतले तेच हरवते. नवे ऑइल भरल्यावर मोकळ्या जागेत आठच्या आकड्यात हळू फेऱ्या माराव्यात, म्हणजे ते प्लेटमध्ये मुरते.

दुसरे उत्तर: ग्रेडबद्दल माझे मत असे, की १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडची श्यानता (जाडपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स, तर १४० ची २४ ते ३२.५ असते. तापलेल्या गिअरवर जाड थर टिकतो हे खरे, पण रोजच्या वापरात तेच ऑइल घुसळण्यात ताकद वाया जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत १४० ला मुभा असेल तरच ते भरावे. जीएल-५ दर्जाबाबत (गिअर ऑइल किती दाब सोसते याची प्रतवारी) मात्र तडजोड नको. डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरचे (तिरप्या, वक्र दात्यांचे गिअर) दाते एकमेकांवर घासत सरकतात, तो दाब जीएल-४ च्या आवाक्यातला नाही.

तिसरे उत्तर: काम स्वतः करणार असाल तर आधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचे बूच) सैल करून पाहा. मी एकदा उलटे केले, आधी खालचा ड्रेन प्लग काढला. ऑइल सगळे खाली, फिलर प्लग जागचा हलेना, आणि गाडी दोन दिवस स्टँडवर. थोडी चालवून ऑइल कोमट झाल्यावर काढा, वॉशर नवे घाला, आणि पुस्तिकेत वेगळी पातळी दिली नसेल तर गाडी सपाट ठेवून भोकातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असला तर घाबरू नका. बोटांत चोळल्यावर तुकडे टोचले, तर नवे ऑइल भरण्याआधी मागचे कव्हर उघडावे लागेल.