शब्दचर्चा: एस्पेरांतोतले प्रत्यय आणि आपलं सामान्यरूप

प्रश्न (ऐरोलीहून): एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकायला घेतली आहे. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', एवढं कळलं. पण आपल्याकडे तुर्भे-तुर्भ्याला होतं, तसं तिथे मूळ शब्दात काहीच बदलत नाही का? आणि शब्दाआधी 'माल-' लावला की नकार होतो ना?

उत्तर (ठाण्याहून): मूळ शब्द अजिबात हलत नाही. झामेनहॉफ यांनी १८८७ साली ही भाषा जगापुढे ठेवली तेव्हापासून तिचा पायाच तो आहे. हुंदो म्हणजे कुत्रा, हुंदोय अनेक कुत्रे, हुंदोन म्हणजे कर्म असलेला कुत्रा, आणि अनेकवचनी कर्म असेल तर हुंदोयन. 'हुंद' शेवटपर्यंत तसाच.

आपल्याकडे ठाणे-वाशी लोकलनेच जा ना. दिघ्यात, रबाळ्यात, कोपरखैरण्यात, पण ऐरोलीत, घणसोलीत, वाशीत. याहून अवघड जागा म्हणजे 'वाणी'. बोलण्याची वाणी असेल तर 'वाणीत गोडवा', किराणावाला असेल तर 'वाण्याकडे उधारी'. लिंग माहीत असल्याशिवाय रूप करता येत नाही. मराठी शिकणाऱ्याची खरी दमछाक इथे होते. एस्पेरांतोत हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता 'माल-'. तो नकार नव्हे, विरुद्धार्थ. नकाराला 'ने-' वेगळा आहे. बोना म्हणजे चांगला, नेबोना म्हणजे चांगला नाही एवढंच, मालबोना म्हणजे सरळ वाईट. आपला 'अ-' ही दोन्ही कामं करतो: 'अपूर्ण'मध्ये नुसता अभाव, 'अशुभ'मध्ये थेट उलट. नोवा नवा, तर मालनोवा जुना. युना तरुण, तर मालयुना म्हातारा. वस्तूचं जुनेपण आणि माणसाचं म्हातारपण मराठीसारखंच इथेही वेगळं राहतं, हे मला फार आवडतं.

माझा सगळ्यात लाडका शब्द मालसानुलेयो. सोडवून बघा: सान म्हणजे निरोगी, माल लागून आजारी, उल लागून आजारी माणूस, एय लागून त्याची जागा, शेवटी नामाचा ओ. झालं हॉस्पिटल!

आणि हे प्रत्यय स्वतंत्र शब्द म्हणूनही उभे राहतात. एयो म्हणजे जागा, उलो म्हणजे माणूस, इलो म्हणजे साधन. व्याकरणाच्या सोळा नियमांचं कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते या भाषेचा प्राण इथे आहे. आपण दवाखाना, छापखाना म्हणतो, पण 'शिकखाना' म्हटलं तर लोक वळून बघतील. रूढी आडवी येते. एस्पेरांतोत 'शिक' या अर्थाच्या धातूला एय लावला की लेर्नेयो, म्हणजे शाळा, तयार. अर्थ जुळत असेल तर असा नवा शब्द घडवायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न (ऐरोलीहून): मग हे शब्द मराठी वाक्यात घेताना लेर्नेयोत म्हणू की लेर्नेय्यात?

उत्तर: लेर्नेयोत. बाहेरून आलेले ओकारान्त शब्द आपण बदलत नाही: फोटोत, रेडिओवर, किलोला. 'एस्पेरांतोत' तर तुम्ही-आम्ही आत्ताच सहज म्हणतोय. अनेकवचनाचा 'य' मात्र मराठीत आणू नका. 'दोन फोटो' म्हणतो तसं 'दोन लेर्नेयो'.