सात इंची जुन्या पॉप सिंगल्स : काय ठेवावं, कसं जपावं? सल्ला हवा आहे

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून इंग्लंडात लेस्टरला राहते. घराजवळच्या चॅरिटी शॉपमध्ये गेल्या शनिवारी बुटाच्या खोक्यात भरलेल्या सात इंची रेकॉर्ड्स दिसल्या, म्हणजे प्रत्येक बाजूला एकेक गाणं असलेल्या 'सिंगल्स'. मोजल्या तर ४३. पंधरा पौंडांना अख्खं खोकं घेऊन आले.

जवळजवळ प्रत्येक लेबलवर निळ्या शाईने एकाच मुलीचं नाव लिहिलंय, काहींवर तारीखही. सगळ्यांत जुनी तारीख १९६३ ची, शेवटची १९६९ च्या उन्हाळ्यातली. अक्षर बदलत गेलंय. आधी शाळकरी, टपोरं, नंतर तिरकं आणि घाईतलं. ते बघत रात्री एक वाजेपर्यंत बसले होते. सहा वर्षांत एक मुलगी मोठी झालेली माझ्या हातात आहे असं वाटलं.

आता प्रश्न. नावं लिहिलेली असल्यामुळे या रेकॉर्ड्स 'खराब' धरतात का, ती पुसावीत का? धूळ आणि बोटांचे डाग कसे काढू? चार रेकॉर्ड्सवर 'एम्बसी' असं लेबल आहे. गाणी प्रसिद्ध, पण गायक भलतेच. नकली आहेत का? काहींचं मधलं भोक रुपयाच्या नाण्याहून मोठं आहे, त्या लावायच्या कशा? माझ्याकडे सुटकेससारखा बंद होणारा स्वस्तातला प्लेअर आहे. आणि यापुढे काय शोधावं तेही सांगा. खोक्यात बीटल्सच्या पाच आहेत, क्लिफ रिचर्डच्या बऱ्याच, बाकी मला अनोळखी.

खरखर_४५

सगळ्यात आधी त्या सुटकेसवर एकही रेकॉर्ड लावू नका. अशा बहुतेक प्लेअर्समध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) असतं आणि सुईचा भार चार-पाच ग्रॅमपर्यंत जातो. बऱ्या टर्नटेबलवर तो दीड-दोन ग्रॅम असतो. साठ वर्षं टिकलेल्या खाचा तुमच्या घरी झिजायला नकोत. भार कमी-जास्त करता येईल असा वापरलेला टर्नटेबल घ्या आणि सुई मात्र नवी बसवा. जुनी सुई किती चालली आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब. मायक्रोफायबरचं कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, तुमच्या बाबतीत तर अजिबातच नाही, कारण ती शाई पसरेल. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्ड्स कधी मिळाल्या तर त्यांना अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख विरघळते.

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की वाकतात.

मागची_बाजू

नावं पुसू नका, हात जोडून सांगतो. बाजारात लेबलवर लिहिलेलं असेल तर किंमत उतरते हे खरं. पण त्या काळी पोरं-पोरी एकमेकांच्या घरी पार्टीला रेकॉर्ड्स घेऊन जात, आणि परत येताना आपली आपल्याकडे यावी म्हणून नाव घालत. आपल्याकडे लग्नघरी नेलेल्या पातेल्यावर नाव कोरलेलं असतं, तसंच. तुमच्याकडे तर एकाच घरातलं सलग खोकं आहे, तारखांसकट. ते फोडू नका. चांगल्या तेवढ्या ठेवून बाकीच्या विकायचा मोह होईल, पण मग उरतील सुट्या रेकॉर्ड्स. त्या कुठेही मिळतात.

एम्बसी नकली नाही. १९५४ ते १९६५ या काळात हे लेबल इंग्लंडात वूलवर्थच्या दुकानांत विकलं जायचं. गाजत असलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून झटपट गाऊन घ्यायची आणि मूळ रेकॉर्डपेक्षा बरीच स्वस्त द्यायची. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक गाजलेलं गाणं. ज्या मुलीकडे दोन सिंगल्सचे पैसे नसत तिची एकात दोन गाणी व्हायची. तुमच्या चार एम्बसींवरच्या तारखा बघाल का? माझा अंदाज आहे की त्या सुरुवातीच्या असतील, टपोऱ्या अक्षरातल्या.

मोठं भोक म्हणजे बहुधा ज्यूकबॉक्समधून (नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रातून) आलेली ब्रिटिश प्रत, नाहीतर अमेरिकन. ब्रिटिश सिंगलचा मधला तुकडा ढकलून काढता येईल असाच बनवलेला असे. त्या भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. खोक्यात 'लंडन' किंवा 'डेक्का' नावाचं लेबल असलेल्या रेकॉर्डचा मधला तुकडा त्रिकोणी दिसला तर तो जपा, तो पन्नासच्या दशकातल्या छपाईचा असतो.

पुढे काय शोधावं? स्वस्त आणि भरपूर छापल्या गेलेल्याच शोधा, म्हणजे चांगल्या अवस्थेतली प्रत निवडून घेता येते. क्वीनची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घ्या, १९७५ ची. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला हे आपल्याला ठाऊक असतंच, पण रेकॉर्ड उलटी करून बघा. मागे ड्रमर रॉजर टेलरचं गाणं आहे. सिंगल विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखंच मानधन मिळायचं, त्यामुळे ते मागचं गाणं फारसं कुणी न ऐकताही टेलरला पुढच्या गाण्याइतकेच पैसे मिळाले. १९७८ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने याच सिंगलच्या निळ्या रंगाच्या फक्त २०० प्रती काढल्या होत्या. त्यांच्या मागे लागू नका. काळी प्रत घ्या आणि ऐका.

इंद्रायणीकाठ

एम्बसीच्या तारखा बघितल्या. १९६३ च्या दोन, १९६४ ची एक, चौथीवर तारीख नाही. तिन्ही टपोऱ्या अक्षरातल्या! काहीच पुसणार नाही आता.

बीटल्सच्या पाचपैकी एक 'लेडी मॅडोना' आहे. काळं पार्लोफोन लेबल, 'सोल्ड इन यू.के.' वगैरे बारीक ओळ आहे. तिच्यावर नाव दोन्ही बाजूंना लिहिलंय. बाकी कुठल्याच रेकॉर्डवर असं नाही.

बोराबाजार

ताई, ती ओळ असेल तर तुमची प्रत साठच्या दशकातलीच. १९७६ मध्ये हिरव्या कव्हरात पुन्हा निघाली तिच्यावर ती ओळ नाही.

पण मला सांगायचंय ते मागच्या बाजूबद्दल. तुमच्या खोक्यातलं ते एक गाणं आपल्या मुंबईत, फोर्टात रेकॉर्ड झालंय.

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. फिरोजशहा मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे त्याने आपल्याकडचे भारतीय वादक घेऊन काम केलं. त्यासाठी रेकॉर्डिंगचं टू-ट्रॅक स्टीरिओ मशीन एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी थेट कलकत्त्याहून आगगाडीने आणलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. स्टुडिओ रस्त्यावर, त्यामुळे ऑफिसं सुटायच्या वेळी बाहेरची वाहतूक आत ऐकू यायची. चित्रपटाचं काम आटोपल्यावर हाताशी वेळ होता, त्यात त्याने आणखी काही वाजवून घेतलं. त्यातल्याच एकावर लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत गाण्याचे शब्द गाऊन चढवले. 'द इनर लाइट'. सरोदवर आशीष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. शब्द 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथामधले. ते हॅरिसनला सुचवले केंब्रिजच्या हुआन मास्कारो यांनी, ज्यांनी गीतेचा इंग्रजी अनुवाद केला आहे. १५ मार्चला सिंगल आली. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ही पहिलीच वेळ, आणि पुढे दहा वर्षं ते इंग्लंडात कुठल्याही एलपीवर, म्हणजे बऱ्याच गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवर, नव्हतं. ऐकायचं तर ही सात इंची तबकडीच लावायला हवी.

लेबलवर आपल्या एकाही वादकाचं नाव नाही. मी १९७४ पासून त्या रस्त्याने नोकरीला जात होतो, ती इमारत रोज डाव्या हाताला असायची. हे गाणं मात्र मला निवृत्तीनंतर कळलं. त्याचं वाईट वाटतं अजून.

खरखर_४५

काका, सुंदर. यात एक भर : बीटल्सच्या काही सिंगल्स भारतात ७८ वरही निघाल्या होत्या, लाखेच्या. इंग्लंडात ७८ बंद झाल्यावरही आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अनेक घरांत होते म्हणून. जगभरचे संग्राहक त्या शोधतात. पुण्याच्या जुन्या बाजारात मी बारा वर्षं बघतोय, हाती लागली नाही. कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका, इथे विचारा.

इंद्रायणीकाठ

उशीर झाला लिहायला. टर्नटेबल मिळाला, एका आजोबांकडून, आणि सुई नवी घातली. पहिली रेकॉर्ड तीच लावली, उलट्या बाजूने.

पुढच्या बाजूवर बऱ्यापैकी खरखर आहे, सुरुवातीला एक खोल चराही. मागची बाजूही तेवढीच वाजवली गेली आहे. तशीच मऊ, सारखी खरखर. म्हणजे मागचं गाणं कुणी फारसं ऐकत नसे हे या मुलीच्या बाबतीत खरं नाही. लेस्टरमधल्या एखाद्या खोलीत १९६८ साली ती सरोद आणि बासरी पुन्हा पुन्हा लावत होती.

बोराबाजार काका, तुम्ही सांगितलेली नावं मी एका कागदावर लिहून कव्हरात ठेवली आहेत. लेबलवर नाही लिहिली, तिथे तिचंच अक्षर राहू दे. बाकीच्या वादकांची नावं माहीत असतील तर सांगाल का? कागदावर जागा आहे.