व्हेरा मुखिना: पोलादी जोडी मोठी की १९२७ ची शेतकरीण?

शाडूमाती:
सोव्हिएत शिल्पकार मुखिना म्हटलं की सगळे एकाच शिल्पावर येऊन थांबतात. पॅरिसचं १९३७ चं प्रदर्शन, सोव्हिएत मंडपाच्या माथ्यावर हातोडा-विळा उंचावून निघालेले कामगार आणि शेतकरीण. समोर जर्मनीचा मंडप, त्यामुळे गाजावाजाही भरपूर. पण दोन आकृत्यांची कल्पना मंडपाचा वास्तुविशारद बोरिस इओफानची आणि काम सरकारी. खरी मुखिना बघायची तर तिची १९२७ ची 'शेतकरीण' बघा. हाताची घडी, झाडाच्या बुंध्यासारखे पाय. कुठे धावायचं नाही, कुणाला काही दाखवायचं नाही. पॅरिसमध्ये फ्रेंच शिल्पकार बूर्देलकडे शिकलेलं सगळं त्या उभं राहण्यात उतरलंय.

लोहभुसा:
साफ असहमत. कल्पना इओफानची, मान्य. पण तीच कल्पना स्पर्धेत शाद्र, मानिझर या शिल्पकारांनाही दिली होती. मागे आडवी उडणारी ओढणी मुखिनाची. ती झाकून फोटो बघा, अर्धा वेग गेला! शिवाय हे ओतकाम नव्हे. लाकडाचे उलटे साचे, म्हणजे नाकाच्या जागी खड्डा. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा स्टेनलेसचा पत्रा ठोकून बसवायचा आणि स्पॉट वेल्डिंगने जोडायचा. उंची सुमारे साडेचोवीस मीटर. तुकडे सुटे करून २८ वॅगनमधून पॅरिसला नेले.

उनाडपाऊस:
पत्र्याचं कौतुक पुरे, १९३० कुठे गेलं? मुखिनाचा नवरा अलेक्सेई झाम्कोव्ह डॉक्टर, गरोदर बायकांच्या मूत्रापासून औषध बनवायचा. त्यावरून छळ सुरू झाला, दोघांनी देश सोडायचा प्रयत्न केला, पकडले गेले, व्होरोनेझ शहरात हद्दपारी. पुढे लेखक गॉर्कीने शब्द टाकला म्हणून सुटले. एवढं भोगल्यावर पोलादात हसरी माणसं घडवणारीला मी तरी मुक्त कलावंत म्हणणार नाही.

शाडूमाती:
म्हणूनच शेतकरीण म्हणतोय ना! ती अटकेच्या आधीची.

उनाडपाऊस:
अहो, तीसुद्धा रशियन क्रांतीच्या दशकपूर्तीच्या प्रदर्शनातलीच. बक्षीसही तिथलंच.

लोहभुसा:
मग मायकेलअँजेलोही बाद करा, पोपचे पैसे घेतले म्हणून. पॅरिसनंतर मॉस्कोत तिची पोलादी जोडी बुटक्या चौथऱ्यावर बसवली तेव्हा बाईंनी तक्रार केली होती, कोणी दाद दिली नाही. उंच मंडप मिळाला थेट २००९ मध्ये, बाई १९५३ लाच गेल्या. सरकारच्या इतक्या लाडक्या होत्या तर चौथरा का नाही बदलला?

उनाडपाऊस:
चौथरा नाही दिला, पाच स्टालिन पारितोषिकं दिली. ती घेतलीच की.

शाडूमाती:
नाही म्हणून बघायला हवं होतं का त्यांनी? व्होरोनेझ माहीत असताना?