सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी लंडनच का? शेफिल्ड का नको?

सातपुडाकर (शहादा)

माझ्या भाचीने बी.ए.एम.एस. झाल्यावर धडगाव भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले असून, आता तिला सार्वजनिक आरोग्याच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी इंग्लंडमधून दोन प्रवेशपत्रे आली आहेत. एक लंडनचे आहे, दुसरे शेफिल्डचे. घरात शेफिल्डकडे कल आहे, कारण तेथे शुल्क कमी आणि खोलीचे भाडेही कमी. माझे मत उलट आहे आणि त्यावरचे आक्षेप मला ऐकायचे आहेत.

वर्ग आणि पुस्तके पुण्यातही मिळतात. एवढा पैसा ओतून परदेशी जायचे, तर विषय जेथे घडला तेथे जावे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती झालेले मृत्यू घरोघर नोंदवून डॉ. जॉन स्नो यांनी पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेला बसणे अशक्य केले, त्यानंतर अभियंता बॅझलगेट यांनी बांधलेल्या गटारांचा मोठा भाग आजही वापरात आहे. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९९ मध्ये काढलेली उष्णकटिबंधीय रोगांची शाळा आज ब्लूम्सबरीत आहे, तिच्या शेजारीच लंडन विद्यापीठाचे सेनेट हाउस ग्रंथालय आहे, आणि युस्टन रोडवरील वेलकम संग्रहाच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे सभासदत्व कोणालाही विनामूल्य मिळते.

मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. धडगावात आई पावरी ही आदिवासी बोली बोलते, डॉक्टर मराठी बोलतो आणि मध्ये आशाताई नसेल तर अर्धे निदान अंदाजावर चालते. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्ससारख्या भागात सिल्हेटी ही बांगलादेशी बोली बोलणाऱ्या बायकांच्या बाबतीत हाच प्रश्न आहे आणि तेथील सरकारी आरोग्यसेवा त्यासाठी दुभाषे पुरवते. ही व्यवस्था कशी चालते आणि कोठे अडते, हे तिने तेथे राहून पाहावे असे मला वाटते.

केळीबाग (रावेर)

भाऊ, आपले म्हणणे वाचायला सुंदर आहे, पण हिशेब आपण केलेला दिसत नाही. व्हिसासाठी राहण्याखाण्याची जी किमान रक्कम खात्यात दाखवावी लागते, ती नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. नऊ महिन्यांचा फरक ३,२२२ पौंड होतो, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वर. शुल्कातील फरक त्याहून वेगळा. आपल्याकडच्या कुटुंबाकडे संपत्ती असते ती जमिनीची, आणि बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यांना गावातले घर किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. एका वर्षाच्या शिक्षणासाठी राहते घर गहाण टाकणे मला पटत नाही.

काम करून फेडील म्हणाल, तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या १२.२१ पौंड किमान वेतनाने आठवड्याचे २४४ पौंड होत. लंडनमध्ये त्यातला बराच भाग खोली आणि प्रवास खाऊन टाकतात. शिवाय संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी मुलगी वेलकमच्या ग्रंथालयात बसणार कधी? शहराचा लाभ ज्याच्याजवळ मोकळा वेळ आहे त्याला मिळतो, आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमात नेमका तोच नसतो.

भुसावळ जंक्शन

बाबासाहेबांनी लंडनच निवडले होते, एवढेच सांगतो.

पांझराकाठ (धुळे)

बाबासाहेबांचे नाव घेतले की चर्चा संपते असे समजू नये. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि एका मित्राचे साहाय्य घेतले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा जाऊ शकले. म्हणजे पैशांची तजवीज हा प्रश्न त्यांनाही चुकला नव्हता, आणि येथे विषय तोच चालू आहे.

अमळनेरकर

माझा आक्षेप खर्चाचा नाही. विषय लंडनमध्ये घडला म्हणून तो लंडनमध्येच चांगला शिकता येतो, हे अनुमान मला मान्य नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतले. बाल्टिमोर हे काही जगाची राजधानी म्हणावे असे शहर नव्हे. तेथून ते गडचिरोलीला आले, आणि गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतल्यास बालमृत्यू किती घटतात, हे त्यांनी दाखवले. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे आशांच्या कामात ती पद्धत देशभर गेली. त्यांना उपयोगी पडली ती संशोधनाची शिस्त, आणि ती चांगल्या विभागात मिळते, मग तो कोणत्याही शहरात असो.

दुभाष्यांचा आपला मुद्दा मात्र मोलाचा आहे. पण ते पाहायला वर्षभर राहण्याची गरज नाही. शेफिल्डहून लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकापर्यंत आगगाडीला दोन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे जळगावहून मनमाडला जावे तितकेच, आणि तेथून ब्लूम्सबरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खरे तर याच विषयासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्थाही आहे. आपल्याकडे कोणी त्यांचे नावच काढत नाही, कारण त्यांत विमानतळावर हार घालण्याची सोय नसते.

सातपुडाकर

अमळनेरकरांचा बंग दांपत्याचा दाखला मला अडचणीत टाकतो, हे खरे. तरीही दिवसभरासाठी जाऊन पाहणे आणि त्या वस्तीतल्या दवाखान्याच्या रांगेत परकी म्हणून बसणे यांत फरक आहे. जिने आजवर फक्त डॉक्टरच्या खुर्चीतून पावरी ऐकली, तिला समोरच्या स्टुलावर बसणे काय असते ते लंडन शिकवील, अशी माझी समजूत आहे.

केळीबाग यांच्या हिशेबावर एक मार्ग दिसतो. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठीच असते, शुल्क आणि राहण्याचा खर्च दोन्ही देते, आणि लंडनसाठीही मिळते. पात्रतेसाठी किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, जो तिचा भरतो. नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट आहे. तिला तर धडगावलाच परतायचे आहे. त्यासाठी यंदाचा प्रवेश सोडून पुढच्या वर्षी अर्ज करायला मी तिला सांगावे का?

केळीबाग (रावेर)

सांगा, पण ती शिष्यवृत्ती मागणारे देशभरातून येतात, आणि मिळालीच नाही तर हातचे शेफिल्ड गेलेले असेल. तिचा कंत्राटाचा आदेश पुढच्या वर्षी वाढवून मिळणार आहे का, हे आधी विचारून घ्या. तो वाढला नाही तर ते वर्ष तिने कोठे काढायचे, याचे उत्तर आपल्या योजनेत अजून नाही.