ऊसतोडीला निघालेल्या टीबी पेशंटचं काय करायचं?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात आशा सेविका आहे, एका ताईचा टीबीचा दुसरा महिना चालूय अन् दिवाळीनंतर कोयता निघणार, उचल (आगाऊ पैसे) घेतलीय म्हणून थांबता येत नाही म्हणते. ६ महिन्यांचा कोर्स मधेच तुटला तर? झोप लागंना मला.

उत्तर: ताई, निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला तिचा नंबर) लिहून द्या, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ट्रान्सफर होतं. मुकादमाचा नंबरपण घ्या.

उत्तर: टीबी पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० झालेत, मिळतात का बघा. पहाटे फडात जायच्या आधी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं मग बाया बंदच करतात, काय खाती तेपण विचारा.

प्रश्नकर्ती: विचारलं. चहा अन् शिळी भाकर. पैसे यायला बँकेत खातंच नाही तिचं, उद्या बँकेत नेते.