मदत हवी: प्रोसेसरमध्ये एईएस आहे, उबुंटूला दिसत नाही

टॉवेलवाला
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. डिझाइनच्या फायली आणि पार्ट्यांचे हिशोब ज्या सर्व्हरवर आहेत, त्यावर उबुंटू (लिनक्स) आहे आणि त्याची डिस्क लक्सने (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केलीय. बॅकअप लावला की सीपीयू शंभर टक्के. आय-फाइव्ह ६५०० आहे, म्हणजे एईएस-एनआय (एईएस एन्क्रिप्शन वेगात करणाऱ्या प्रोसेसरमधल्या सूचना) आहेच. पण सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्समध्ये (प्रोसेसरच्या सोयींची यादी) 'एईएस' नाही. एईएसचं कर्नल मॉड्यूल मोडप्रोबने लोड केलं तर 'नो सच डिव्हाइस'. बायोस बघून झालंय. 'नवीन मशीन घ्या' सांगू नका. लवकर सांगा, महिनाअखेर आहे.

होटगीरोड
क्रिप्टसेटअपचा बेंचमार्क (एन्क्रिप्शनच्या वेगाची चाचणी) टाका. कर्नल कोणतं? आकडे नसताना काय पंचांग बघून सांगू?

पाय_प्रेमी
माझ्या रास्पबेरी पाय ४ वर हेच होतं. त्या चिपमध्ये एईएसच्या सूचनाच नाहीत (पाय ५ मध्ये आहेत). मी अ‍ॅडियंटम वापरलं. हे एन्क्रिप्शन गुगलने एईएसच्या सूचना नसलेल्या स्वस्त फोनसाठी काढलंय. मस्त चालतं, तुम्हीही टाका.

होटगीरोड
अहो, त्यांच्याकडे आय-फाइव्ह आहे. चालू धंद्यात अख्खी डिस्क परत एन्क्रिप्ट करायला लावताय?

विंडोजभक्त
एसएसडीचं स्वतःचं एन्क्रिप्शन चालू करा. सीपीयूवर शून्य लोड.

पेंग्विनकाका
नको. २०१८ मध्ये रॅडबाउड विद्यापीठाच्या लोकांनी काही एसएसडींमधून पासवर्डशिवाय डेटा काढून दाखवला. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच बिटलॉकरचं (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) डिफॉल्ट सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनवर आणलं. तुमचेच मालक विश्वास ठेवत नाहीत.

विंडोजभक्त
काही मॉडेल्समध्येच होतं ते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

टॉवेलवाला
बेंचमार्क केला: एईएस-एक्सटीएस (लक्सची पद्धत) सेकंदाला दोनशे एमबीच्याही खाली. भांडणं नंतर करा हो.

पेंग्विनकाका
उबुंटू थेट मशीनवर आहे की व्हर्च्युअल?

टॉवेलवाला
प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली). जुनंच व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहे, प्रॉक्समॉक्स सातच्या आधीचं. त्याचा काय संबंध?

पेंग्विनकाका
हे आधी सांगायचं ना राव! जुन्या व्हीएमला डिफॉल्ट सीपीयू 'केव्हीएम६४' मिळायचा. तो पाहुण्याला (व्हीएममधल्या उबुंटूला) एईएसचा फ्लॅग दाखवतच नाही. प्रॉक्समॉक्स आठपासून नव्या व्हीएमला एईएसवाला टाइप मिळतो, जुनी मात्र आहे तशीच राहतात. व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये प्रोसेसर टाइप 'होस्ट' करा, म्हणजे खरा प्रोसेसरच दिसेल.

टॉवेलवाला
केलं. रीबूटही केलं. ढिम्म.

पेंग्विनकाका
आतून रीबूट नाही चालत. पूर्ण शटडाउन करा आणि प्रॉक्समॉक्समधून स्टार्ट करा.

होटगीरोड
वेगळ्या प्रोसेसरच्या दुसऱ्या मशीनवर चालू व्हीएम हलवायचं असेल तर 'होस्ट' नको. 'केव्हीएम६४' ठेवून फक्त एईएस फ्लॅग चालू करा.

चाटी_गल्ली
टॉवेल होलसेलमध्ये सुटे मिळतात का? लग्नाच्या आहेराला हवेत.

टॉवेलवाला
फ्लॅग आला! बेंचमार्क दोन हजार एमबीच्या जवळ. काका, मानलं. चाटी_गल्ली, टॉवेलचं मेसेज करा. आता ब्रँच ऑफिसचं वायरगार्डही (व्हीपीएन) पळेल ना?

पेंग्विनकाका
त्यात चाचा२० हे वेगळं एन्क्रिप्शन आहे, एईएस नाहीच. नवा धागा काढा, आणि या वेळी सगळं लिहा.