मदत हवी आहे: सॅन जुनीच ठेवून प्रॉक्समॉक्सवर जायचंय

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं आयटी मी एकटाच बघतो. तीन ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरवर चालणारे सर्व्हर), आयस्कझीवर (नेटवर्कमधून) जोडलेली एक सॅन, म्हणजे तिन्ही होस्टची सामायिक साठवण, टॅली आणि ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) धरून अकरा व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. मालकांनी व्हीएमवेअर सोडून प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या ओपन सोर्स प्रणालीवर, जायचं ठरवलंय. सॅन मात्र तीच. नव्या बॉक्सचं नाव काढलं की चहा थंड होईपर्यंत कुणी बोलत नाही.

प्रॉक्समॉक्स व्हीएमएफएसवर (व्हीएमवेअरच्या फाइल सिस्टिमवर) व्हीएम ठेवत नाही, हे माहीत आहे. सॅनमध्ये दीडेक टीबी जागा मोकळी आहे. तिथं नवा लन (सॅनमधला डिस्कसारखा वेगळा भाग) काढून त्यावर शेअर्ड एलव्हीएम (सगळ्या होस्टना वापरता येणारी लिनक्सची साठवण) करायचं, प्रॉक्समॉक्सच्या इम्पोर्ट विझार्डनं एकेक व्हीएम ओढायची, व्हीएमवेअरचा जुना डेटास्टोअर रिकामा झाला की तो लन पुसून वापरात घ्यायचा, असा बेत आहे. रविवारी भट्टी बंद असते, तेवढाच वेळ हातात.

घोळ इथं आहे: आत्ताच्या डिस्क थिन आहेत (भरेल तेवढीच जागा घेतात), शेअर्ड एलव्हीएमवर त्या पूर्ण जागा खाणार. ईआरपीची ६०० जीबीची डिस्क आत जेमतेम २०० भरलीय! आधी विंडोजमध्ये पार्टिशन आणि मग बाहेरून डिस्क लहान करून घेऊ का? आणि आवृत्ती ९ मधले एलव्हीएमवरचे स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपणं) टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीपुरते, म्हणून आलेत; कुणी खऱ्या कामाला लावलेत काय? की बॅकअप सर्व्हरवरच भागवताय?

मल्टिपाथचा (सॅनपर्यंत एकाहून जास्त वाटा ठेवण्याचा) अनुभव असेल तर तोही सांगा की राव.